फुग्यातली रिकामी जागा

शकुन मिराशीचं भुतांबद्दलचं मत फार वाईट होतं. भुतं असतात की नसतात या वादात ती पडत नसे. पण असलीच तर ती मठ्ठ असतात, याबद्दल तिला शंका नव्हती. मेल्यावर कुठेही जायची मोकळीक मिळते, आणि हे बेटे जाऊन बसतात कुठे, तर पडक्या विहिरीत. ज्याने गळा दाबला तो माडीवर घोरत पडलेला असतो, आणि हे धरतात रस्त्याने चाललेल्या एखाद्या पोस्टमनला. शकुनला हे सगळं पाठ होतं, कारण 'सांगाडा'चे चौतीस अंक तिच्या हाताखालून गेले होते. ही गोष्ट मात्र जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ती स्वतः, आणि दुसरा तिचा थोरला भाऊ दिगंबर.

'सांगाडा' ही भयचित्रकथा एकोणऐंशी ते त्र्याऐंशी अशी चार वर्षं कोलकात्याच्या बैठकखाना भागातल्या एका छापखान्यातून निघत असे. मूळ बंगालीत, आणि मग तीच चित्रं ठेवून हिंदीत आणि मराठीत. मराठी अंकांचे गठ्ठे रेल्वेत चढायचे आणि नागपूर, अकोला, भुसावळच्या स्टेशनांवर उतरायचे. बंगालीचं मराठी करायचा दिगंबर, तेव्हा बँकेत नुकता चिकटलेला. पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांत ते मराठी टाकाने, काळ्या शाईने लिहायची शकुन. अंकावर दिगंबरचं नाव ठळक असे. शकुनचं कधीच नव्हतं.

आता शकुन सदुसष्ट वर्षांची होती आणि दिगंबर बहात्तरचा. लेक मार्केटच्या फ्लॅटमध्ये दोघं भावंडं राहत, एकमेकांचं फारसं न ऐकता. तिथे एका रविवारी सकाळी क्षितिज वानखडे ते जुने अंक घेऊन आला. वय बेचाळीस, न्यू टाउनमधल्या कुठल्याशा कंपनीत संगणकाचं काम, मूळचा अकोल्याचा. लहानपणी न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत त्याने 'सांगाडा' वाचला होता, आणि तेव्हा बसलेली भीती त्याने पुढे तीस वर्षं पदकासारखी जपली होती. कोलकात्याला आल्यावर त्याला कळलं की ते अंक इथेच तयार व्हायचे. मग मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर कुणीतरी दिगंबरकडे बोट दाखवलं. तेव्हापासून दिगंबरचे पाय जमिनीला लागत नव्हते. निवडक दहा गोष्टींचं जाड कागदावर पुस्तक निघायचं होतं, आणि त्याची प्रस्तावना दिगंबर लिहिणार होता.

क्षितिजने हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि प्लास्टिकच्या पाकिटातून एकेक अंक काढून टेबलावर मांडला. शकुनने चहाचा कप मुद्दाम त्या अंकांच्या शेजारी टेकवला. त्याने तो तत्परतेने उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

"वाचा ना मावशी," तो म्हणाला. "आज वाचलं तरी अंगावर काटा येतो."

शकुनने वाचलं. काटा सोडाच, साधी खाजसुद्धा आली नाही. पहिल्या गोष्टीत साताऱ्याचा पाटील होता. बंगालीत तो जमीनदार. दिगंबरने एका फटकाऱ्यात त्याला पाटील करून टाकलं, पण चित्राचं काय करणार? म्हणून हा पाटील मलमलचा कुडता घालून, धोतराचं टोक बोटांत धरून पाणथळ केळीच्या बागेत हिंडत होता, आणि पाटलीणबाईंच्या हातात शंखाच्या बांगड्या होत्या. साताऱ्यात असं कुणी दिसलं असतं तर भुताआधी गावानेच त्यांना पळवून लावलं असतं. दुसऱ्या गोष्टीत एक डॉक्टर आजारी बाईची नाडी बघतो आणि ती मेलेली आहे हे त्याला चार पानांनंतर कळतं. असल्या डॉक्टरला भुताने धरलं तर भुताचे आभारच मानायला हवेत.

तिसरी गोष्ट म्हणजे खास मिराशींच्या घरची करणी. बंगाली भुतांत एक जात फक्त माशांसाठी जीव टाकते. बाजारातून मासे घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत गाठायचं आणि मासा मागायचा, एवढंच तिचं काम. पण अक्षरं काढायचं काम चालायचं देवघराच्या खोलीत, चौरंगावर, आणि आईने स्वच्छ सांगितलं होतं की देवासमोर माशांची नावं लिहायची नाहीत. दिगंबर आज्ञाधारक. त्याच्या मराठीत ते भूत पुरणपोळी मागायला लागलं. चित्रात भुताच्या पंजात हातभर लांबीचा रोहू, पाणी गळतंय, आणि फुग्यात लिहिलेलं: मला पुरणपोळी दे. हा हा हा हा हा हा हा हा हा हा हा.

"ही माझी सगळ्यांत लाडकी," क्षितिज म्हणाला. "हातात मासा आणि तोंडी पुरणपोळी. वास्तव कसं टरकन फाटतं तिथे. आणि वर ते हसणं."

दिगंबरने विनयाने खाली बघितलं. बँकेत निरोप समारंभातही तो असाच बघत होता.

"बंगाली अंकही मिळवलेत मी," क्षितिज पुढे म्हणाला. "बंगाली वाचता येत नाही मला, पण 'हा' ओळखू येतो. त्यांच्या अंकांत भुतं फारशी हसतच नाहीत. हसतात ती मराठीत. मेलेला माणूस हसतो, डॉक्टर हसतो, चितेजवळची विधवा हसते. सहाशे बारा वेळा, मी मोजलंय. काका, कसं सुचलं हे तुम्हाला?"

"ते असं सांगता यायचं नाही," दिगंबर म्हणाला. "मृत्यूकडे बघण्याची मराठी माणसाची एक दृष्टी असते."

शकुनला ठसका लागला. ही दृष्टी तिला चांगली माहीत होती. दिगंबरचं बंगाली बेताचं. वाक्यातलं जे कळेल तेवढंच तो घ्यायचा आणि बाकीचं सोडून द्यायचा, त्यामुळे मराठी मजकूर बंगालीच्या निम्मा भरायचा. फुगे मात्र बंगालीच्या मापाचे. मग खाली दोन-दोन बोटं जागा उघडी पडायची. छापखान्याचे मालक श्यामसुंदर बाबू पहिल्याच खेपेला पान डोळ्यांसमोर धरून म्हणाले होते, "फाँका चोलबे ना, दिदी." मोकळी जागा चालायची नाही, गिऱ्हाइकाला वाटतं छपाई बिघडली. तेव्हा बावीस वर्षांच्या शकुनने टाक उचलला आणि उरलेली जागा हसण्याने भरून काढली. जागा थोडी असली तर तीन 'हा', जास्त असली तर सात. डॉक्टरने हसावं का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. फुगा रिकामा होता, म्हणून डॉक्टर हसला.

"आणि ही अक्षरं कुणाची?" क्षितिजने विचारलं. "अंकावर कुठे नाव नाही."

दिगंबर बशीतली बिस्किटं न्याहाळू लागला. खोलीत दोघंच जण उत्तर देऊ शकत होते, आणि शकुनच्या तोंडून उत्तर निघालं ते चाळीस वर्षांच्या सवयीने. "असेल कुणीतरी अर्धवट शिकलेला," ती म्हणाली. "वळण आहे का त्या अक्षरांना? एक डोंगरावर, एक दरीत. एवढा खर्च करून पुस्तक काढताय तर ती घाण कशाला ठेवता? चांगली छापील अक्षरं घाला."

सवय आईने लावलेली. पहिल्या अंकाच्या वेळी श्यामसुंदर बाबूंनी आपणहून विचारलं होतं, दिदींचं नाव घालू का म्हणून. आईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. कवट्या आणि उघड्यावाघड्या हडळींच्या पुस्तकावर मुलीचं नाव छापून आलं तर तिला करून घेणार कोण? बदलीवर येणाऱ्या मोजक्या मराठी कुटुंबांत बातमी पोचायला एक हळदीकुंकू पुरे. तेव्हा नाव नाही, आणि कुणी विचारलंच तर आमचा त्या घाणीशी संबंध नाही, असं शकुनकडून वदवून घेतलं गेलं. पुढे स्थळं आली, बघून गेली, पोहे खाऊन गेली. कुणाला तिचा रंग खटकला, कुणाला उंची, एकाला तर कोलकाताच खटकलं. 'सांगाडा'चं नाव एकानेही काढलं नाही. शकुन शाळेत चित्रकला शिकवत राहिली, निवृत्त झाली, आणि नाव मात्र लपलं ते लपलंच.

बुधवारी दुपारी क्षितिजचा व्हॉट्सअॅप आला. 'मावशी, तुमची सूचना अमलात आणली. बघा किती स्वच्छ दिसतंय. सोमवारी फायली छपाईला जातात.' खाली नमुन्याचं पान होतं, तेच मासेवालं.

शकुनने ते बोटांनी मोठं केलं. चित्र तेच, मासा तोच, आणि फुग्यात संगणकाची अक्षरं, सगळी एका मापाची. ती हसणं काढायची तेव्हा पहिला 'हा' बारीक असायचा, मग फुग्याच्या गोलाईबरोबर एकेक वाढत, कलत, शेवटचा फुग्याच्या कडेला जाऊन आदळायचा. इथे अकरा 'हा' शाळेत हजेरी दिल्यासारखे ओळीने उभे होते. जे सहाशे बारा हसण्यांनी कधी झालं नव्हतं ते या एका नीटनेटक्या पानाने झालं. ती घाबरली.

चाळीस वर्षं ती त्या अंकांना नावं ठेवत आली होती, पण कुठेतरी, कुठल्यातरी न्हाव्याच्या दुकानात, कुणाच्यातरी माळ्यावर आपली अक्षरं पडून आहेत, हे तिला रोज माहीत असायचं. आता हे पुस्तक निघाल्यावर लोक हेच बघणार होते. जुने अंक तसेही तुकडे होऊन चालले होते. तिची अक्षरं पुसली जाणार होती, आणि ती पुसा असं तिनेच सांगितलं होतं. ती अक्षरं तिला परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. "दादा, क्षितिजला फोन कर. अक्षरं माझी आहेत म्हणून सांग, आणि राहू दे म्हणावं."

दिगंबर वरणभात कालवत होता. "तूच म्हणालीस ना बदला म्हणून?"

"म्हणाले. आता नको म्हणते."

"शकू, अक्षरं तुझी म्हटलं की तो पुढचं विचारणार. मग हसणं कुणाचं? मी त्यावर मुलाखत दिलीय. चाळीस मिनिटांची. लोकांनी बघितलीय ती."

"किती लोकांनी?"

"दोनशे अठरा," दिगंबर म्हणाला, आणि हा आकडा आपण रोज बघतो हे उगाच कळून गेलं म्हणून थोडा ओशाळला. "आणि प्रस्तावनेतही मी लिहून टाकलंय, अक्षरलेखन छापखान्यातल्या एका अज्ञात कारागिराचं. वाचायला बरं वाटतं ते. शेवटी अक्षरं म्हणजे काय गं? मजकूर महत्त्वाचा."

"मजकूर," शकुन म्हणाली. "पुरणपोळीचा."

ती उठली आणि ताट घेऊन आत गेली. तिला भावाचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हा माणूस असाच आहे, हे तिला तो अकरा वर्षांचा होता तेव्हापासून ठाऊक होतं. पण दारात आलेल्या परक्या माणसासमोर आपल्याच हाताला घाण म्हणायचं, हे काम तिने दिगंबरला करू दिलं नव्हतं. स्वतः केलं होतं.

शनिवारी अकरा वाजता ती बसने न्यू टाउनला गेली. तिथले रस्ते रुंद, झाडं एका उंचीची आणि पत्ता विचारायला चिटपाखरू नाही. चौदाव्या मजल्यावर क्षितिजच्या बायकोने, चैत्रालीने दार उघडलं. चैत्राली इथेच जन्मलेली, भवानीपूरला वाढलेली. तिचं मराठी घरातल्या घरात वापरून गुळगुळीत झालेलं होतं. "पाणी खाणार, मावशी?" तिने विचारलं. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात; शकुनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिची अर्धी हयात असंच पाणी खाण्यात गेली होती.

आधी तिने स्वतःचं नाव न सांगता काम होतंय का ते बघायचं ठरवलं. जुन्या चित्राला जुनीच अक्षरं बरी दिसतात, असं ती म्हणाली. लोकांना जुनं तेच आवडतं हल्ली. क्षितिज अदबीने ऐकत होता.

"पण मावशी, तुमचंच मला पटलं. एक डोंगरावर, एक दरीत. मी इतकी वर्षं प्रेमाने बघत होतो, मला ते दिसलंच नव्हतं." त्याने संगणकावर एक पान उघडलं. "हे बघा. आभारांत तुमचं नाव घातलंय."

शकुनने वाचलं. 'जुनं सदोष अक्षरलेखन काढून टाकण्याची परखड सूचना श्रीमती शकुन मिराशी यांनी केली, त्यांचे आभार.' सदुसष्ट वर्षांत 'सांगाडा'शी जोडलेलं तिचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, ते यासाठी.

"ती अक्षरं माझी आहेत," ती म्हणाली.

क्षितिजला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याने चैत्रालीकडे बघितलं, चैत्रालीने त्याच्याकडे. म्हाताऱ्या माणसांशी वागताना चेहऱ्यावर येतो तो एक समजूतदारपणा त्याच्या चेहऱ्यावर आला, आणि शकुनला तो फार झोंबला. "आपण काकांना विचारू या," तो म्हणाला आणि त्याने फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

दिगंबर बराच वेळ खाकरला. "आता असं आहे," त्याचा आवाज आला, "शकूला चित्रकलेची आवड होतीच. कधीमधी मदत केली असेल तिने. रेघा मारून देणं वगैरे. इतक्या वर्षांचं नक्की कसं आठवणार?"

क्षितिजने फोन बंद केला. मग चैत्रालीने कागद आणि पेन आणून शकुनपुढे ठेवलं. तिच्या मनात तरी चांगलंच होतं. शकुनने पेन धरलं. पस्तीस वर्षं फळ्यावर खडू घासून, आणि आता दोन वर्षं आखडलेल्या अंगठ्याने, तिने लिहिलं: मला पुरणपोळी दे. ओळ थरथरत उतरत गेली. शेजारी छापलेल्या अक्षरांशी तिचं दूरचंही नातं दिसत नव्हतं. तिने स्वतःच ते ताडून बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"थोडं साम्य आहे," क्षितिज म्हणाला.

त्याने तिला खोटं ठरवलं असतं तर ती भांडली असती. या दयेवर काय करायचं ते तिला सुचेना. ती पर्स उचलून उठणारही होती. पण समोर संगणकावर ते भूत मासा धरून उभं होतं, आणि त्याच्याकडे बघता बघता तिला राग आला, चांगला खणखणीत राग, आणि राग आल्यावर तिला नेहमीच नीट सुचायचं.

"बंगाली अंक आहे ना तुझ्याकडे? हेच पान काढ," ती म्हणाली. "चैत्राली, तुला येतं बंगाली. काय म्हणतंय ते भूत?"

चैत्रालीने वाचलं. शाळा बंगालीत झालेली, ती धडाधड वाचत गेली. "रुई दे, कातला दे, इलिश दे, कोई दे, मागुर दे, पाबदा दे, चिंगडी दे." मग ती थांबली. "बस. संपलं. हसत नाही ते."

"सात मासे," शकुन म्हणाली. "आमच्या आईला मासे चालत नव्हते. दादाने सातांची एक पुरणपोळी केली. उरलेल्या सहांच्या जागेत मी काय भरणार होते? अकरा 'हा' बसले तिथे. बारावा बसत नव्हता, नाहीतर बारा काढले असते. आता डॉक्टरचं पान काढ. मी न बघता सांगते, बंगालीत त्याचा फुगा खच्चून भरलेला असेल आणि मराठीत तीन शब्द असतील."

तसंच होतं. चैत्रालीने डॉक्टरचं वाचलं, विधवेचं वाचलं, केळीच्या बागेतलं वाचलं. क्षितिजने हसण्यांची यादी उघडली, त्याने रकाने पाडून केलेली: भयाचं हसणं, विरक्तीचं हसणं, नियतीचं हसणं. एकेका नोंदीपुढे तो बंगाली पान लावून बघत होता. जिथे मजकूर तोकडा तिथे हसू. जितका तोकडा तितकं लांब. कुठेही अपवाद निघेना. पंधराव्या नोंदीनंतर त्याने बघायचं थांबवलं.

आता त्याचा विश्वास बसला होता, आणि त्याचं तोंड पार उतरलं होतं. "म्हणजे ते नुसतं भरताड होतं," तो म्हणाला.

"भरताडच," शकुन म्हणाली.

"मग मूळ संहितेत ते नाहीच." तो खुर्चीत मागे टेकला, आणि मग व्यवस्थित माणसासारखा कामाला लागला. "मला अस्सल आवृत्ती काढायचीय. हसणं गाळतो मी सगळं. टाइप थोडा मोठा केला की जागा भरते, काही अडत नाही." त्याने मासेवालं पान पुढे ओढलं, अकरा 'हा' निवडले आणि बटण दाबलं. भूत गप्प झालं. मला पुरणपोळी दे, एवढंच मोठ्या ठळक अक्षरांत राहिलं, एखाद्या लग्नात वाढप्याला सांगावं तसं.

अक्षरं मागायला शकुन आली होती आणि हसणंही घालवून बसली होती. यापुढे मागेपुढे बघण्यात अर्थ नव्हता.

"क्षितिज, न्हाव्याच्या दुकानात तू घाबरलास तो कशाला?" तिने विचारलं. "पाटलाला घाबरलास? पुरणपोळीला?"

उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, कारण तो प्रामाणिक होता. "हसण्याला," तो म्हणाला. "ते कुठूनही यायचं. काही कारण नसताना. डॉक्टर बरा बोलता बोलता मध्येच हसायचा. घरी आल्यावर बाबा हसले तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. कितीतरी दिवस."

"मग ते मी केलं," शकुन म्हणाली. "दादाने नाही, त्या बंगाली लेखकाने नाही. कुठल्या दृष्टीने बिष्टीने नाही. जागा भरायची होती म्हणून केलं, पण माझ्या हाताने केलं. तू त्या छापील अक्षरांना घाबरला असतास का? आता बघ ते पान आणि सांग, भीती वाटते?"

त्याने बघितलं. "नाही," तो म्हणाला.

चैत्राली पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी होती. "मावशी, मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत कुणाला?"

"लाज वाटायची."

"असल्या कॉमिकची?"

"कॉमिकची कसली लाज. कॉमिक भिकारच आहे." शकुनने पर्स मांडीवर घट्ट धरली. हे वाक्य तिने आजवर मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. "ते काम मला फार आवडायचं, त्याची लाज वाटायची. दुपारी आई झोपली की मी टाक घेऊन बसायचे. ती चार वर्षं मी फार सुखात होते. पुढे तसं कधीच झालं नाही. आणि मला कुणी विचारलं की मी म्हणायचे, घाण आहे."

क्षितिज संगणकाकडे वळला. त्याने नव्या अक्षरांची फाइल बंद केली, कुठल्यातरी आतल्या कप्प्यातून जुन्या पानांची फाइल शोधून काढली, आणि दहाही गोष्टी पुन्हा जागच्या जागी लावू लागला. वीसेक मिनिटं लागली त्याला. मग आभारांचं पान उघडून त्याने तिचं नाव तिथून काढलं आणि पहिल्या पानावर दिगंबरच्या नावाखाली, त्याच मापात बसवलं.

"काकांच्या प्रस्तावनेचं काय करायचं?" त्याने विचारलं. "सगळी हसण्यावरच आहे ती."

"परत लिहायला सांग. पुरणपोळी त्याचीच आहे, तिच्यावर चार पानं सहज लिहील."

चैत्रालीला हसू आलं, आणि ओढणी पदरासारखी तोंडाला लावून तिने ते लपवलं. क्षितिजने मासेवालं पान पडदाभर मोठं केलं. चाळीस वर्षांपूर्वीची शाई, टाक जिथे अडला होता तो ठिपका, बारीक सुरू होऊन फुगत गेलेले अकरा 'हा', सगळं समोर आलं. शकुनने चष्मा सारखा केला आणि पुढे वाकली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत.

"शेवटून तिसरा जरा कलंडलाय," ती म्हणाली. "घाई केलेली दिसतेय. अगदी गचाळ."

"सरळ करू का? एका मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नकोस," शकुन म्हणाली.